तीन उन्हाळ्यांची जबाबदारी

कन्हैयालाल मुन्शी यांनी केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्रिपद सांभाळताना १९५० साली वनमहोत्सवाचा उपक्रम देशभर सुरू केला, तेव्हापासून पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की हाती रोप घेऊन माळ गाठणे हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक संस्कारच होऊन बसला आहे. आणि वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई अशा टेकड्यांचे सान्निध्य लाभलेल्या पुण्यात तर विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ आणि नोकरदार स्त्रीपुरुष सुटीच्या सकाळी कुदळ-फावडी घेऊन श्रमदानासाठी वर चढताना पाहिले, म्हणजे या शहराविषयी मनात आशा उत्पन्न होते. या मंडळींच्या निष्ठेविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कार्याचे मोजमाप लागवडीच्या दिवशी न करता तीन उन्हाळ्यांनंतर करावे, असे मी आग्रहाने म्हणतो. २०१९ साली राज्य सरकारने तेहतीस कोटी वृक्षांचा संकल्प सोडला, तेव्हा तो आकडा सर्वतोमुखी झाला होता. आज त्यांतील किती रोपे उभी आहेत, हे विचारण्याची उत्कंठा मात्र फारशी कोठे आढळत नाही.

टेकडीची प्रकृती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या आग्रहाचे कारण सांगावे लागणार नाही. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर जेमतेम वीतभर माती. पावसाळ्यात तेथे जे लावावे ते तरारून उठते, परंतु दिवाळी सरता सरता ओल आटते, फाल्गुनात वाळल्या गवताला एका ठिणगीने वणवा लागतो, आणि वैशाखात, मुळांनी कातळाच्या भेगा अद्याप गाठलेल्या नसताना, वरून आग ओतली जाते. आळी नीट करणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे, गवत कापून जाळरेषा काढणे, मेलेल्या रोपांच्या जागी पुढल्या पावसात नांग्या भरणे, या कामांना ना समारंभ असतो ना पाहुणा. तरीही उन्हाळ्याच्या पहाटे घरून पाण्याचे कॅन वाहून नेऊन ठरावीक झाडांच्या आळ्यांत रिते करणारी माणसे या टेकड्यांवर भेटतात, आणि माझ्या मते शहराने मान द्यावा तो प्रथम त्यांना.

काय लावावे, याचाही विवेक हवा. झटपट हिरवळ दिसावी म्हणून मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प या टेकड्यांवर एके काळी अमाप लावले गेले. ते जगले खरे, पण त्याच्या दाटीत सालई, मोई, हिवर, पळस या येथील मातीच्या वृक्षांना मोकळी जागा उरली नाही. शिवाय काही उतार मुळातच विरळ झाडीच्या गवताळ माळाचे आहेत. तितर आणि चंडोल त्याच गवतात भुईवर घरटी करतात, तेव्हा असे उतार खड्डे न खणता जसेच्या तसे राखणे हीदेखील वृक्षप्रेमी माणसाचीच कामगिरी आहे.

राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणे स्थापन झाली आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन आले. त्याच दप्तरात आणखी एका नोंदीची भर पडावी: टेकडीचा कोणता तुकडा कोणत्या मंडळाने अंगावर घेतला, त्याची हद्द आणि तीन वर्षांची मुदत. महापालिका व वनखाते यांनी माथ्यावर टाक्या बसवून उन्हाळाभर पाणी पोहोचविण्याची तजवीज करावी, आणि दर जूनमध्ये, नवी रोपे देण्यापूर्वी, गतवर्षीच्या जिवंत रोपांची रुजवात घेऊन ती लोकांसमोर मांडावी. ज्या मंडळाला पन्नास रोपांनाच पाणी घालणे शक्य आहे, त्याने पन्नासच लावावीत, आणि पाचशेंचा आग्रह धरणाऱ्या अधिकाऱ्याला अथवा देणगीदाराला तसे निःसंकोच सांगावे.