आधी बूट, मग स्की

"बर्फ बघायचा तर इथे लोअर टँक बंडच्या स्नो वर्ल्डचं तिकीट काढावं लागतं, आणि तुला स्वतःच्या स्की हव्यात?" आईचा प्रश्न बरोबर होता. तरी मी घेतल्या. संक्रांतीच्या सुट्टीला रजा जोडून आपल्यातले काही जण औलीला किंवा गुलमर्गला स्की शिकायला जातात. परत आले की तीच हौस त्यांनाही लागते, म्हणून हे लिहितो आहे.

औलीचा एक कोर्स झाला होता. टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, असं धरून थांबता येत होतं आणि दोन्ही स्की समांतर ठेवून वळायला नुकतं जमू लागलं होतं. तेवढ्या जोरावर शिकवण्यांतून साठवलेले सगळे पैसे घातले आणि परदेशातल्या चुलतभावाकडून एक जुनी जोडी मागवली. लालभडक, शर्यतीची. तेलंगणा एक्स्प्रेसच्या बर्थखाली घालून मोठ्या ऐटीत नेली. उतारावर मात्र ती वळेच ना! शर्यतीच्या स्की ताठ असतात, चांगला वेग असेल तरच वाकतात आणि वळतात. वेगाची तर मला भीती. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने कोर्सच्याच झिजलेल्या स्की मागून घेतल्या.

2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता काश्मीरचा आरिफ खान. त्याच्यासारखं व्हावंसं वाटणं चांगलंच आहे, पण त्याच्यासारख्या स्की आजच घेणं चांगलं नाही. आपण आज जसे आहोत, त्याला साजेशी वस्तू घ्यावी.

म्हणून माझं मत साधं आहे: पैसे जमले तर आधी बूट घ्या, स्की भाड्याच्याच राहू द्या. पायाने केलेली प्रत्येक हालचाल स्कीपर्यंत पोचते ती बुटातून. बुटात पाय हलत असेल तर महागडी स्कीही ऐकत नाही. बुटाचा आतला मऊ भाग काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड-दोन बोटं मावली की माप ठीक. मग पूर्ण बूट घालून गुडघे वाकवा, टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ. दोन घातले की पाय गारठतो आणि सरकतोही.

कुणी म्हणेल, भाड्याच्या स्कीच्या कडा बोथट असतात. खरं आहे. पण धार लावून मागता येते. शिवाय वर्षातले सात-चौदा दिवस बर्फ आणि बाकी साडेतीनशे दिवस कपाटाचा माथा, हा हिशेबही बघा ना. दर वेळी वेगळी जोडी मिळते, हा तर फायदाच. स्कीवर लांबी आणि 122-76-106 असे आकडे छापलेले असतात: टोक, मध्य आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जी जोडी सहज वळली तिचे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन-तीन कोर्सनंतर ती वहीच तुम्हाला सांगेल काय घ्यायचं.

तेव्हा घ्याल ती मऊसर घ्या, हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान पोचणारी, मध्ये 75 ते 85 मिलिमीटर रुंद. हात वर करून मनगटापर्यंत मापायची जुनी पद्धत सरळ स्कीच्या काळातली. 1990 च्या दशकात कमरेत निमुळत्या स्की आल्या आणि लांबी कमी झाली. गुलमर्गच्या अफरवटवर दिसतात त्या 100 मिलिमीटरच्या रुंद स्की खोल, ताज्या बर्फासाठी. त्या आपल्या अजून नव्हेत.

एक गोष्ट मात्र मित्राच्या सांगण्यावरून करू नका. बूट धरून ठेवणारी बाइंडिंग पडल्यावर सुटायला हवी. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून ती जाणकाराकडूनच लावून घ्या. स्की पुन्हा मिळेल, गुडघा नाही.

माझी लाल जोडी सध्या गॅलरीत आडवी आहे. पावसाळ्यात आई तिच्यावर कपडे वाळत घालते. यंदा संक्रांतीला मी फक्त बूट घेऊन निघणार आहे.