‘बघू’ म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात गाडीतळाजवळ राहणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एक काकू रक्ताचा अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. थायरॉइडचा आकडा किंचित वाढलेला होता. मी म्हणालो, “सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, मग बघू.” चौथ्या दिवशी सकाळी मुलगा त्यांना घेऊन दारात उभा. झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधड. ईसीजी काढला, तो व्यवस्थित होता. माझ्या ‘बघू’चा त्यांनी लावलेला अर्थ असा, की काहीतरी मोठे आहे आणि डॉक्टर लपवत आहेत. मुलगा वैतागून म्हणाला, “आईचा स्वभावच असा आहे.”

‘स्वभावच’ या शब्दाशी माझे भांडण आहे, आणि त्याला आधारही आहे.

‘अण्णा गेले’ हे वाक्य घ्या. घरी गेले, की देवाघरी? दोन्ही अर्थ बरोबरच. मन आधी कोणता उचलते, हा प्रश्न. ते मोजता येते. इंग्लंडमधील मायकेल आयसेंक, अँड्र्यू मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना ‘डॉक्टरांनी छोट्या एमिलीची वाढ तपासली’ अशा धर्तीची दुहेरी अर्थाची वाक्ये ऐकवली होती. वाढ म्हणजे उंची, की गाठ? ‘तुम्ही काय अर्थ लावलात’ असे थेट विचारले, तर माणूस शहाण्यासारखे उत्तर देतो. आपले ज्येष्ठ नाही का ‘मी अगदी बरी आहे’ म्हणत! म्हणून संशोधकांनी नंतर वेगळ्या शब्दांतली वाक्ये दाखवून, यांपैकी कोणते आधीच्या वाक्याच्या अर्थाचे, ते ओळखायला सांगितले. चिंताविकाराच्या रुग्णांनी भीतीचा अर्थ अधिक वेळा ओळखीचा मानला. परंतु ज्यांचा विकार बरा झाला होता, त्यांची उत्तरे निरोगी माणसांसारखीच आली. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. निव्वळ स्वभाव असता, तर आजार ओसरल्यावरही तो तसाच दिसला असता.

काकूंची सावकाश विचारपूस केली, तेव्हा पाच महिन्यांपासून झोप मोडल्याचे कळले. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, उपचार सुरू झाले. मात्र धडधड ‘मनाचीच’ असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. हृदय, थायरॉइड, रक्तक्षय, चालू औषधे हे सारे आधी तपासावे लागते. कानही तपासून घ्यावेत. अर्धे वाक्य ऐकू आले, की उरलेले अर्धे मन स्वतःच भरते, आणि भित्रे मन ते कशाने भरेल, हे सांगायला नको.

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सांगेन, की दाराआड कुजबुजू नका. ‘रात्री बोलायचे आहे’ एवढाच निरोप ठेवू नका, विषयही सांगा. घरच्या माणसाला दुहेरी वाक्ये टाकून त्याची परीक्षा मात्र घेऊ नका, त्याने निदान होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, उत्साह हरवला असेल, तर डॉक्टरांना भेटा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रीही चालतो.

काकू परवा तिसऱ्यांदा आल्या. आकडा पाहून मी सवयीने पुटपुटलो, “बरं, बघू.” त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. “बघू म्हणजे नेमके काय डॉक्टर, ते आधी सांगा.”