वाढलेल्या फेऱ्यांचा अर्थ

आरोग्यसेवेतील सुधारणा फळाला आली की फसली, हे रुग्णालयातील गर्दीवरून ठरवण्याची रीत आहे. गर्दी घटली तर यश, वाढली तर उधळपट्टी. हे वाचन मला उथळ वाटते.

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याचे उदाहरण घेऊ. २००८ साली तेथे कमी उत्पन्नाच्या प्रौढांसाठी मेडिकेड या सरकारी विम्यात मर्यादित जागा निघाल्या. सुमारे ९०,००० लोकांनी नावे नोंदवली आणि सोडत काढावी लागली. चिठ्ठी निघालेले व न निघालेले यांच्यातील भेद मुख्यतः दैवाचाच होता; त्यामुळे तुलनेला क्वचित लाभणारा भक्कम आधार मिळाला.

विमा मिळाला की लोक वेळेवर डॉक्टरांकडे जातील आणि तातडीच्या विभागातील गर्दी ओसरेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. घडले उलटेच. विमा मिळालेल्यांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पहिल्या वर्षात सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. पोर्टलंड परिसरातील तातडीच्या विभागांतील फेऱ्या सुमारे दीड वर्षात ४० टक्क्यांनी वाढल्या. नवलाई सरल्यावर ही वाढ विरेल, हा तर्कही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या आकडेवारीपुढे टिकला नाही.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे. साध्या दवाखान्यात भागले असते अशा तक्रारींसाठीच्या फेऱ्याही वाढल्या. रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत दोन वर्षांत लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु त्याच काळात नैराश्याचे प्रमाण घटले आणि उत्पन्न गिळून टाकणारा औषधोपचाराचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. हे लाभ गर्दीच्या आकड्यात उमटतच नाहीत.

संहितेत जे लिहिले आहे तेवढेच वाचून भागत नाही, जे गाळले आहे तेही वाचावे लागते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आकड्यांनाही तोच न्याय लावला पाहिजे. सुधारणेपूर्वीचा कमी आकडा आरोग्याचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात त्यात बिलाच्या धास्तीने घरीच दुखणे काढणाऱ्यांचे मौनही मिसळलेले असते. प्रत्येक फेरी आवश्यक होती, असा माझा दावा नाही. पण ‘इतके लोक का येऊ लागले?’ हे विचारण्याआधी ‘ते आजवर का येत नव्हते?’ हे विचारले नाही, तर मूल्यमापन केवळ हिशेबतपासणी होऊन बसते.