डबा नको, सुकाणू द्या

वारा पडलेला असतो तेव्हा बाईच्या हातात सुकाणू द्यायला कुणाचीच हरकत नसते. हौसेने फोटोही काढले जातात. वारा वाढला, होडी कलायला लागली, की मात्र ‘बाई, द्या इकडे’ असा आवाज येतो आणि सुकाणू पुरुषाच्या हाती जातं. मैत्रिणींनो, माझं भांडण या एका क्षणाशी आहे. कारण नाविकाचं कौशल्य नेमकं त्याच क्षणी शिकायचं असतं.

चाळिशी उलटल्यावर मी शिडाची होडी चालवायला शिकले. क्लबात आमच्या तुकडीत आठ पुरुष आणि आम्ही दोघी. सुकाणू धरायची पाळी सगळ्यांना सारखी, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. प्रत्यक्षात दुपारचा वारा सुटला की आमची रवानगी पुढच्या शिडाच्या दोराकडे व्हायची. किनाऱ्याला लागल्यावर चहाची आणि डब्यांची व्यवस्था ‘तुम्हाला चांगली जमते’ म्हणून आमच्याकडेच. मी वहीत वेळ लिहायला लागले. दोन महिन्यांत वाढत्या वाऱ्यातला पुरुषांचा हिशेब तासांत होता, आमचा मिनिटांत. वही पुढे केल्यावर उत्तर मिळालं, ‘तुमच्या काळजीपोटीच!’

या काळजीमागे ताकदीचा जुना युक्तिवाद असतो. तो एकदा तपासून पाहू. मोठ्या नौकेवर शीड नुसत्या दंडाच्या जोरावर चढवत नाहीत. कप्प्या आणि विंच ओझं हलकं करतात. वारा वाढायच्या आत शीड आखडून घेणं, ढगांकडे आणि पाण्यावर काळपट होत येणाऱ्या झुळकेकडे बघून पुढचा अंदाज बांधणं, होडी वळवताना वेळेवर दोर सोडणं, ताण पडला तरी न सरकणारी पण काम झाल्यावर सहज सुटणारी गाठ मारणं, पाण्यात पडलेल्या माणसावरची नजर न हलवता होडी त्याच्यापाशी परत आणणं, हे सगळं म्हणजे दर्यावर्दीपणा. यातलं काय पुरुष जन्मतः घेऊन येतो? २०२३ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोल्डन ग्लोब शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी जिंकली. त्या शर्यतीत बायकांसाठी वेगळा गट नव्हता. दुसरे आले आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी.

बोटीवर बाई चालते, पण स्वयंपाकघरात, हा अनुभव जगभरचा आहे. इंग्लंडच्या ट्रेसी एडवर्ड्स १९८५-८६ च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत गेल्या त्या स्वयंपाकीण म्हणून. पुढे त्यांनी एक जुनी नौका विकत घेतली, दुरुस्त केली, तिचं नाव ‘मेडन’ ठेवलं आणि १९८९-९० च्या शर्यतीत केवळ बायकांचा ताफा घेऊन उतरल्या. या बायका पहिला टप्पाही पुरा करणार नाहीत, अशी भाकितं झाली होती. त्यांनी आपल्या गटात दोन टप्पे जिंकले आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवला.

आपल्याकडे १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला, पृथ्वीला वळसा घालून परतल्या. त्यानंतरही सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे सांगितलं गेलं की, रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत! म्हणजे संडास बांधला नाही त्यांनी, आणि अपात्र ठरलो आपण. १७ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयाने समुद्रावरचं काम बायकांना मानवत नाही हा दावा फेटाळला आणि नौदलातल्या बायकांचा कायम कमिशनचा हक्क मान्य केला. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच ‘तारिणी’वरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यात परत आल्या. वर्तमानपत्रांनी या साऱ्यांच्या धाडसाचं कौतुक केलं, पण मला सांगायचंय ते वेगळंच. पहिल्या सहाजणींनी आधी दिलीप दोंदे यांच्या हाताखाली ‘म्हादेई’वर सराव केला होता. त्यांना वेळ दिला गेला, वाऱ्यात सुकाणू दिलं गेलं. आणि भर समुद्रात ते काढून घ्यायला नौकेवर दुसरं कुणी नव्हतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे बघू. होडीला देवीचं नाव असतं, कधी आईचं. तांडेल मात्र पुरुषच. कोळीण मासळीचा लिलाव करते, बाजार सांभाळते, घर चालवते. ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ तोंडपाठ असते. पाणी वाचता येतं तिला वल्हं आणि शीड का शिकवत नाहीत? केरळात के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारीला जाऊ लागल्या, त्या हाताखाली माणसं ठेवणं परवडेना म्हणून. गरज पडली की बाईला समुद्र वर्ज्य राहत नाही. हक्क मागितला की परंपरा आठवते.

संघटनेतल्या मैत्रिणी विचारतात, ‘मारहाणीच्या, रोजगाराच्या प्रश्नांपुढे हे श्रीमंती शौक कशाला?’ प्रश्न रास्त आहे. क्लबांची वर्गणी आपल्यातल्या बहुतेकींना परवडणारी नाही, हेही खरं. पण म्हणून समुद्र पैसेवाल्या पुरुषांना आंदण द्यायचा का? निवडून आलेल्या बाईला खुर्चीवर बसवून कारभार नवऱ्याने करायचा, हे आपण गावोगाव पाहिलं आहे. तिथेही सुकाणू अवघड वेळीच काढून घेतलं जातं. बाईला बोटीत बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे ठणकावून सांगणं चळवळीचंच काम आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक प्रशिक्षण केंद्राने कुणी किती वाऱ्यात किती तास सुकाणू धरलं याची नोंद ठेवावी आणि ती सर्वांना पाहू द्यावी. धक्क्यावर बायकांसाठी संडास आणि कपडे बदलायची जागा हवी. किनाऱ्यावरच्या कष्टकरी घरांतल्या मुलींना सरकारी खर्चाने शिकवलं पाहिजे. शिकलेल्या बायकांना प्रशिक्षक म्हणून पगारी नेमलं पाहिजे. किनारपट्टीवरच्या गटांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. आणि कुणी ‘वारा वाढलाय, द्या इकडे’ म्हणालं, तर एकच उत्तर द्यावं: वारा वाढलाय, म्हणूनच देणार नाही.