‘नाही’ म्हणणाऱ्याची सही कुठे आहे?

एजंट हा शब्द आपल्याला नवा नाही. आरटीओच्या बाहेर उभा असतो तो एजंट, विम्याचा हप्ता आठवण करून देतो तो एजंट, तहसीलच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणणाराही एजंटच. हल्ली बातम्यांत जो ‘एआय एजंट’ येतोय, तो या मंडळींचाच भाऊबंद समजा. फक्त तो माणूस नाही आणि चहापाणी मागत नाही.

विषय तांत्रिक वाटेल, पण दोन मिनिटं थांबा. हा विषय उद्या तुमच्या-माझ्या अर्जाचा आहे.

चॅटजीपीटीला प्रश्न विचारला की ते उत्तर देतं आणि थांबतं. एजंट तिथे थांबत नाही. त्याला काम सांगायचं आणि सोबत परवानग्या द्यायच्या. फाइल उघड, ईमेल पाठव, नोंद कर. मग पुढची पायरी तो स्वतःच ठरवतो. एकट्याने भागत नसेल तर चार-पाच एजंटांची टोळी बांधायची. एक कागद वाचतो, दुसरा नियम तपासतो, तिसरा हिशेब करतो, चौथा पत्र लिहितो. आणि आता कोणाची पाळी हे ठरवायला वर एक मुकादम. ऊसतोडीची टोळी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

ही टोळी बांधायला तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ‘ऑटोजेन’ नावाचं फ्रेमवर्क सगळ्यांसाठी खुलं केलं. ‘क्रूएआय’, ‘लँगग्राफ’ ही त्याच जातीची दुसरी नावं. २०२५ मध्ये गुगलने वेगवेगळ्या कंपन्यांच्या एजंटांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची नियमावलीही जाहीर केली. सांगाडा फुकट आहे. खर्च येतो तो मागच्या मॉडेलच्या वापराचा. पायथॉन येणारा आपल्याच गावातला बीसीएचा पोरगा चार दिवसांत अशी टोळी उभी करू शकतो. म्हणजे हे फक्त बंगळुरू-पुण्याचं काम राहिलेलं नाही. उद्या पतसंस्थेत येईल, बाजार समितीत येईल, नगरपालिकेत येईल.

आता खरा मुद्दा. ऑटोजेनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक छोटी सेटिंग होती. टोळीने काम करताना माणसाला कधी विचारायचं? तीन पर्याय. ‘ऑलवेज’ म्हणजे प्रत्येक वेळी विचारा. ‘टर्मिनेट’ म्हणजे काम आटोपायच्या वेळी विचारा. आणि ‘नेव्हर’ म्हणजे विचारूच नका. बाकी प्रोग्राम तोच, एजंट तेच. एक शब्द बदलला की माणूस आत किंवा बाहेर. नव्या फ्रेमवर्कमध्ये याची रचना वेगळी असेल, पण हा निर्णय कोणीतरी कुठेतरी घेतलेलाच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी किंवा सहकारी कामात हा एक शब्द प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराने किंवा ठेकेदाराने ठरवायचा नाही. तो जनतेसमोर ठरला पाहिजे.

का, ते सांगतो. अतिवृष्टी झाली की पंचनामा कोण करतं? तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), ग्रामसेवक आणि कृषी सहायक. तिघं मिळून. हीसुद्धा एक टोळीच आहे, प्रत्येकाचं काम वेगळं. पण त्या कागदावर तिघांच्या सह्या असतात. तेहतीस टक्क्यांच्या आत नुकसान दाखवून शेतकऱ्याला मदतीतून बाहेर काढलं, तर तो कोणाच्या दारात जाऊन भांडायचं ते जाणतो. मशीनच्या टोळीत ही सहीच गायब होते.

आणि चूक कशी वाढते ते बघा. समजा एका म्हातारीचा निराधार योजनेचा अर्ज आहे. आधारवर ‘सुमनबाई’, रेशनकार्डावर नुसतं ‘सुमन’. पहिला एजंट लिहितो, ‘नाव जुळत नाही, शंका आहे.’ दुसरा ती शंका वाचतो, कागद नाही. तो लिहितो, ‘ओळख सिद्ध नाही.’ तिसऱ्याला तेवढंच दिसतं. तो लिहितो, ‘अपात्र.’ चौथा अगदी शुद्ध, नम्र मराठीत नामंजुरीचं पत्र तयार करतो. कोणीच मुद्दाम काही केलेलं नाही. शंकेचं सत्य झालं, आणि तेही काही सेकंदांत.

हिशेब मांडून बघा. प्रत्येक एजंट शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर असतो असं धरू. पंचाण्णव टक्के म्हणजे चांगलाच हुशार. पण असे पाच एकापाठोपाठ लावले आणि मागच्याची चूक पुढच्याने पकडली नाही, तर शेवटपर्यंत बरोबर पोचणारी कामं शंभरात साधारण सत्त्याहत्तर. तेवीस अर्ज चुकले. यावर ‘एक एजंट तपासणीसाठीच ठेवू’ असं उत्तर मिळतं. ठेवा, फायदा होतो. पण तपासणाराही त्याच मॉडेलवर चालत असेल, तर जे पहिल्याला दिसलं नाही ते त्यालाही न दिसण्याची शक्यता मोठी. एकाच शिक्षकाने शिकवलेली दोन पोरं एकच गणित सारखं चुकतात, तसं.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर शेजारच्या तेलंगणाकडे बघा. तिथे एआय एजंट नव्हते, त्याआधीचीच साधी संगणकीय पद्धत होती. वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून ‘अपात्र’ ठरवलेल्या लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रद्द केलेल्या कार्डांची घरोघरी जाऊन पडताळणी करा. म्हणजे संगणकाने क्षणात केलेलं काम निस्तरायला पुन्हा माणूसच दारात पाठवावा लागला. मधली वर्षं ज्यांचं धान्य बंद होतं, त्यांचं काय?

जबाबदारी झटकायची भाषाही तयार आहे. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवासी भांडायला गेला तेव्हा कंपनीने मांडलेल्या बचावाचा अर्थ असा निघत होता की चॅटबॉट ही जणू वेगळीच व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं आणि कंपनीला पैसे भरायला लावले. तिथे एकच चॅटबॉट होता. पाच एजंटांची टोळी असेल तर कंपनी, ठेकेदार, सॉफ्टवेअरवाला आणि मॉडेलवाला एकमेकांकडे बोट दाखवतील. आपल्याकडे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकून लोक घरी जातातच. उद्या ‘सिस्टिमने रिजेक्ट केलंय’ ऐकून जातील.

आता दुसरी बाजू. माझे काही मित्र म्हणतात, ‘माणूस तरी कुठे धड आहे? मशीन निदान पैसे तरी खात नाही.’ खरं आहे. एका दाखल्यासाठी पाच खेपा घालायला लावणारी खिडकी मीही पत्रकार म्हणून वर्षानुवर्षं बघतोय. एजंटांच्या टोळीने त्या खेपा वाचणार असतील तर मी पहिल्या रांगेत उभा राहून स्वागत करेन. पण लाच घेणारा माणूस सापळ्यात सापडतो, निलंबित होतो. मशीनच्या चुकीवर सापळा कोणाला लावणार?

उलट या तंत्रज्ञानात एक चांगली गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. एजंट एकमेकांशी जे बोलतात तो सगळा मजकूरच असतो. ठरवलं तर शब्दन् शब्द जपून ठेवता येतो. साहेब आणि क्लार्क बंद दाराआड काय बोलले ते आपल्याला कधीच कळत नाही, पण टोळीचं बोलणं फाइलीत ठेवता येतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं देण्याचं बंधन २००५ पासून आहेच. ते इथेही लागू करा म्हणजे झालं.

राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलंय. इतर खातीही या वाटेवर येणारच. म्हणून आत्ताच मागायला हवं. मंजुरी मशीनने दिली तर देऊ दे, पण नामंजुरी माणसानेच द्यायची, नाव-हुद्दा-कारण लिहून. नुसता अंगठा दाबून नाही. एका दिवसात तीनशे फाइलींवर ‘ओके’ करणारा साहेब म्हणजे माणूस नव्हे, शिक्का. दुसरं, कोणतं काम एजंट करतात आणि माणसाला कधी विचारतात, हे कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून कोणती सेवा किती दिवसांत आणि अपील कोणाकडे, हे लावावं लागतंच. त्यात एक रकाना वाढवायचा आहे. तिसरं, अर्जदाराने मागितलं तर त्याच्या अर्जावर टोळीत काय बोलणं झालं ते त्याला मिळालं पाहिजे.

गावातल्या ज्या पोरांना हे बनवता येतं त्यांनाही सांगणं आहे. बनवा, जरूर बनवा, आपल्या तालुक्याला त्याची गरज आहे. फक्त दुकानाच्या बिलांसाठी ‘नेव्हर’ ठेवणं वेगळं आणि कोणाच्या पेन्शनसाठी ठेवणं वेगळं, एवढं लक्षात असू द्या.

आणि आपल्यासारख्यांनी पुढच्या वेळी खिडकीवर ‘सिस्टिमने नाही म्हटलंय’ ऐकलं, तर परत फिरायचं नाही. शांतपणे विचारायचं, ‘साहेब, नामंजुरीवर सही कोणाची आहे? लेखी द्या.’ ज्यांना असा अनुभव आलाय त्यांनी खाली लिहा, आपण पाठपुरावा करू.