पाठ दुखते? मग सांगा!

आपल्याकडे पाय मुरगळला तर क्रेप बँडेज मिळते, ताप आला तर मित्र मेसमधून जेवण आणून देतात. पाठ दुखते म्हणणाऱ्याला मात्र ‘नाटक करतोय’ एवढेच ऐकावे लागते, कारण पाठीवर ना सूज दिसते ना पट्टी. मग बरेच जण रात्री गुपचूप बाम चोळतात आणि सकाळी पुन्हा पीटीला उभे राहतात. ही सवय आपण मोडायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वयात पाठदुखीची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. प्रेपमध्ये तासन् तास वाकून बसणे, पिठ्ठूचे पट्टे सैल ठेवणे, सुट्टीवरून आल्यावर एकदम सराव वाढवणे. असे दुखणे बहुधा काही आठवड्यांत बरे होते. त्यासाठी दिवसभर पलंगावर पडून राहू नये. चालणे आणि हलका व्यायाम चालू ठेवला तर पाठ लवकर सुधारते. पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे प्लँकसारखे व्यायाम नियमित केले, तर ती पुन्हा दुखण्याची शक्यताही कमी होते.

पण दुखणे परत परत येत असेल आणि मागे वाकताना कंबरेत कळ येत असेल, तर मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांच्यात तो जास्त आढळतो. वेळीच कळले तर काही महिने खेळ थांबवून तो बहुधा बरा होतो. जसप्रीत बुमरा पाठीच्या दुखापतीमुळे २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला मुकला. २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या विश्वचषकात तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, पाठदुखीसोबत ताप, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर एक क्षणही न थांबता एमआय रूम गाठावी.

‘नाव नोंदवले तर एनडीएचे मेडिकल हुकेल’ ही भीती मला समजते, कारण माझेही स्वप्न तेच आहे. पण हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी कण्याचा एक्स-रे काढतात. आज लपवलेले तेव्हा दिसेल, आणि तोपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असेल.

म्हणून उस्तादांना विनंती, की पीटीमध्ये पाच मिनिटे या व्यायामांना द्यावीत. पालकांनी रविवारच्या फोनवर ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारू नये. त्यावर आम्ही ‘हो’च म्हणतो. ‘पाठ दुखते का? किती दिवस?’ असे विचारावे. आणि मित्रांनो, रायफलचा बोल्ट अडकत असेल तर आपण फायरिंगच्या आधी सांगतो, त्याला कोणी हसत नाही. सिक रिपोर्टच्या रांगेत उभ्या असलेल्या मित्रालाही हसू नका.