एक रुपयाचा जामीन

पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडच्या शाखांत मी काम केलं. जामीनदार नाही म्हणून कर्ज नाही, असं कितीतरी जणांना सांगितलं. कर्ज मिळालं नाही तर माणूस निदान घरी तरी जातो.

पेडण्याच्या बाजारात तेव्हा एकजण फिरायचा, सगळे त्याला ‘पिसो’ म्हणत. एकदा त्याने दुकानाची काच फोडली, पोलिसांनी नेला. गुन्हा किरकोळ, पण जामीन राहायला कोणी पुढे येईना. त्याचा थोरला भाऊ मला म्हणाला, "साहेब, परत फोडली तर भरायचं कुणी?" भावाला काय दोष देणार! घरात असं आजारपण असलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कायदा आज तसा वाईट नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, रस्त्यावर भटकणारा असा रुग्ण पोलिसांनी ताब्यात घेतला तर 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावा, लॉकअपमध्ये ठेवूच नये. गोव्यात म्हणजे शेवटी बांबोळीचं मनोरुग्णालय. पण गुन्हा नोंदला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. खटला समजण्याइतकं भान नसेल तर कोर्ट उपचारांसाठी जामिनावर सोडू शकतं, फक्त हमी द्यायला नातेवाईक किंवा मित्र हवा. (पेडण्याहून निघालं की कोलवाळचा तुरुंग आधी लागतो, बांबोळी नंतर!)

आसामच्या मचांग लालुंग यांना 1951 साली पकडलं. खटला उभाच राहिला नाही. 1967 मध्ये मनोरुग्णालयाने बरे झाल्याचा दाखला दिला, तर घरी न पाठवता दुसऱ्या तुरुंगात पाठवलं. 2005 मध्ये सुटले तेव्हा 54 वर्षं गेली होती. जातमुचलका किती? एक रुपया. एवढा स्वस्त जामीन मी आख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

मला वाटतं, ही हमी घरच्यांवरच टाकू नये. घरचे नसतील किंवा थकले असतील तिथे विधी सेवा प्राधिकरणाने वा समाजकल्याण खात्याने ती घ्यावी. खुनासारख्या गुन्ह्यात सोडून द्या असं मी म्हणत नाही, तिथे बंदोबस्तातच उपचार हवेत. पण काच फोडणाऱ्याला तालुक्याच्या आरोग्य केंद्रातच औषध द्यावं, दर महिन्याला डॉक्टरच्या सहीचा अहवाल कोर्टात जावा. थकीत कर्जाची पाहणी आम्ही अशीच करायचो, दारात जाऊन. आणि दुकानदाराच्या काचेचे पैसे सरकारने भरावेत, म्हणजे भावालाही "घरी घेऊन जातो" म्हणायला धीर येईल.